दात आवळू नकोस

परवा रात्री तुझा फोन आला. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोललीस आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "मावशी, लग्नाला आठ महिने झाले, पण अजून आमचं काही झालंच नाही गं. ते जवळ आले की माझ्या मांड्या आपोआप मिटतात. माझ्यात काही कमी आहे का?" तेव्हा मी 'नाही' एवढंच म्हणाले. बाकीचं नीट लिहून पाठवते. चौतीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढल्यावर जे कळलं, ते तुला तरी वेळेवर मिळायला हवं.

माझ्या लग्नात हळद लागल्यावर मोठ्या काकूंनी मला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, "दात आवळून पडून राहायचं. चार दिवसांत सवय होते." त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयावर मराठीत उघड लिहिलं, तरी आपल्या घरात मुलींच्या कानात पडलं ते एवढंच. तो मंत्र मी इथेच थांबवते. त्याच्या जागी हे लक्षात ठेव.

पहिलं : याला नाव आहे

तू सांगितलंस त्याला डॉक्टर व्हजायनिझमस म्हणतात. १८६० च्या सुमारास सिम्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हे नाव दिलं. म्हणजे हे दुखणं तुझ्यापासून सुरू झालेलं नाही.

ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, गुदाशय यांना तीच खालून तोलून धरते आणि योनीची वाटही तिच्यातूनच जाते. डोळ्याजवळ कुणी बोट आणलं की पापणी तुला विचारून मिटत नाही. तशीच काहीतरी आत येणार म्हटलं की ही झोळी आवळते. आवळलेल्या स्नायूवर दाब पडला की आग होते, भिंतीला धडकल्यासारखं वाटतं. ते दुखणं लक्षात राहतं आणि पुढच्या वेळी झोळी आणखी लवकर आवळते. भीती, आवळणं, दुखणं आणि पुन्हा भीती, असं हे चक्र फिरत राहतं.

यात तुझा हट्ट नाही, नवऱ्यावरचं प्रेमही कमी नाही. इच्छा असते, अंग ओलंही होतं, तरी वाट मिटते. काहींना हे पहिल्यापासून असतं, अगदी टॅम्पॉनसुद्धा जात नाही. काहींना सगळं सुरळीत चालू असताना बाळंतपणाच्या टाक्यांनंतर, जंतुसंसर्गानंतर किंवा पाळी गेल्यावरच्या कोरडेपणाने सुरू होतं. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या ग्रंथात दुखणं, भीती आणि आवळणं हे सगळं एकाच नावाखाली आणलं. मला ते पटतं, कारण 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असं म्हणून वेदना उडवून लावायला मग जागा राहत नाही.

दुसरं : आजपासून प्रयत्न बंद

ऐकायला उलटं वाटेल, पण उपचाराची सुरुवात इथूनच होते. दर जबरदस्तीच्या प्रयत्नाने झोळी आणखी आवळायला शिकते. नवऱ्याला शांतपणे सांग, "आपण काही दिवस आत जाण्याचा विषयच काढायचा नाही. बाकी जवळीक ठेवू." हे कबूल झालं की कितीतरी जोडपी महिनोन्महिन्यांनी पहिल्यांदा निर्धास्त एकमेकांच्या कुशीत झोपतात. दारू, झोपेची गोळी, 'एकदा सहन कर' असले सल्ले कुणी दिले तर ऐकू नकोस.

तिसरं : डॉक्टरकडे जा, पण लगाम तुझ्या हातात ठेव

आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. बाहेरच्या भागाची जळजळ, बुरशीचा संसर्ग, जाड पडदा, एंडोमेट्रिओसिस असलं काही कारण नाही ना, हे पाहावं लागतं. तिथे लाजून 'अंगावरून पांढरं जातं' म्हणू नकोस. बऱ्याच जणी तेच सांगतात आणि औषधं घेऊन परत येतात. घरूनच चिठ्ठीवर लिहून ने : 'आत काही घालताना स्नायू आपोआप आवळतात, दुखतं, भीती वाटते. लग्नाला आठ महिने झाले. तपासणीचीही भीती वाटते.' तोंडाने सांगता आलं नाही तर चिठ्ठी पुढे कर.

एक मुलगी मला अजून दिसते. तपासणीच्या टेबलावर झोपवली की ती टाचांनी रेटत रेटत वर सरकायची, डोकं भिंतीला टेकेपर्यंत. एका डॉक्टरांनी तिला रागावून घरी पाठवलं होतं. नंतरच्या डॉक्टर बाई वेगळ्या होत्या. त्यांनी आतून तपासायचा स्पेक्युलम ट्रेमध्ये परत ठेवला, तिला उठून बसवलं, चादर पायांवर ओढली आणि म्हणाल्या, "आज मी हात लावणार नाही. आज फक्त बोलू." तिसऱ्या भेटीत तिने हातात आरसा धरून स्वतःच बाईंना दाखवलं, इथे दुखतं. तपासणी झाली ती एका बोटाने, तिने 'हो' म्हटल्यावर आणि 'थांबा' म्हटलं की थांबून.

तुलाही हे मागता येतं. सोबत माणूस हवं, आज तपासणी नको, मी हात वर केला की थांबा, हे सगळं सांगायचा तुला हक्क आहे. जे नीट ऐकून न घेता 'मूल झालं की ठीक होईल' म्हणतील किंवा थेट ऑपरेशनची तारीख देतील, त्यांचा निरोप घे आणि दुसरं मत घे. स्नायू आवळण्यावर वाट कापून मोठी करणं हा उपाय नाही.

चौथं : उपचार सावकाश चालतो, म्हणून सोडू नकोस

यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंच्या वेगळ्या फिजिओथेरपिस्ट असतात. मोठ्या शहरांत त्या भेटतात, काही जणी व्हिडिओ कॉलवरही शिकवतात. सोबत समुपदेशक किंवा सेक्स थेरपिस्ट असले तर भीतीची बाजूही सुटते. लहानपणी कुणी हात लावला असेल, मारहाण झाली असेल, तर ते त्यांच्यापाशी नक्की बोल. गाठीशी असं काही नसतानाही हे दुखणं होतं, म्हणून उगाच शोधतही बसू नकोस.

आधी श्वास शिकवतात. पोट फुगवत श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी लघवी सुटताना होते तसं खाली सैल सोडायचं. मोबाइलवर पाहून केगेलचे आवळण्याचे व्यायाम करू नकोस. तुझी झोळी आधीच आवळलेली आहे, तिला सोडायला शिकवायचंय.

मग डायलेटर. गुळगुळीत नळ्यांचा संच असतो, सगळ्यात लहान साधारण करंगळीएवढी. आधी स्वतःचं बोट, मग ती. पाण्यात विरघळणारं जेल भरपूर लावायचं, दार लावून निवांत दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा, किंवा थेरपिस्ट सांगतील तसं. ताण जाणवला तर चालतो, दुखलं तर थांबायचं. एक माप अगदी सहज वाटू लागलं की मगच पुढचं. कुणाला आठवडे लागतात, कुणाला महिने. मधे एखादं माप मागे यावं लागलं तर ती हार नाही. बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारूनच लाव. एवढं करूनही स्नायू सुटत नसतील तर काही ठिकाणी बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, पण त्यानंतरही सराव करावाच लागतो.

आणि घरातली खोबरेल तेलाची बाटली निरोधबरोबर वापरू नकोस. तेलाने रबर फाटतं.

पाचवं : नवऱ्याला बाहेर ठेवू नकोस

निदान एका भेटीला त्यांना बरोबर ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की 'ही मला नाकारते' हा त्यांच्या मनातला काटा निघतो. सततच्या ताणाने पुरुषांनाही अडचणी येतात, त्याही तिथेच बोला. पुढे वेळ येईल तेव्हा गती तुझी, कोन तुझा, थांबणंही तुझं.

पण कुणी नवरा ऐकतच नसेल, जबरदस्ती करत असेल, तर ते दुखणं नाही, अत्याचार आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळही येतो आणि १८१ वर फोन करता येतो. तुझ्या मैत्रिणींत कुणाला गरज असेल तर हे सांग.

सहावं : पाळण्याची घाई

सासूबाई विचारणार, शेजारीण विचारणार. "डॉक्टरांकडे चाललंय" एवढं उत्तर पुरे. मूल लवकर हवंच असेल तर संबंधाशिवाय वीर्य आत पोचवायचे साधे मार्ग डॉक्टर सांगतात. दुसरं काही कारण नसताना एकदम टेस्टट्यूब बेबीच्या खर्चात पडू नका. दिवस राहिले तर प्रसूतीच्या डॉक्टरांना हे आधीच सांग, म्हणजे आतल्या तपासण्या ते बेताने करतील. अशा मुलींची नॉर्मल बाळंतपणं होतात.

शेवटी काकूंच्या मंत्राकडे येते. लेबर रूममध्ये कळ आली की प्रत्येक बाई दात आवळते, श्वास कोंडते आणि खालचं सगळं आवळून धरते. चौतीस वर्षं मी त्यांच्या गालावर हात ठेवून एकच सांगत आले, "जबडा सोड. तोंड उघड. फू करून श्वास सोड." जबडा सुटला की खांदे सुटायचे, मांड्या सुटायच्या. तेव्हा मला कळलं की काकूंनी कानात सांगितलं ते नेमकं उलटं होतं.

आज रात्री अंथरुणावर एकटीच पड. दार लाव, एक हात पोटावर ठेव आणि जबडा सैल सोड. आजच्या दिवसाला तेवढा व्यायाम पुरे. उद्या डॉक्टरांची वेळ घे. एकटीला जाववत नसेल तर कळव, मी पहिल्या गाडीने येते.

तुझी मावशी