परमुलखातील गुरू

बोरीवलीच्या मैदानावर तुम्ही जी कबड्डी खेळता, तिला तुमचे आजोबा हुतुतू म्हणत. हा आपल्या मातीतला खेळ इराणच्या मुलींना शिकविण्यासाठी नाशिकच्या एक प्रशिक्षिका गेल्या. त्यांचे नाव शैलजा जैन.

मुलींना कबड्डीचे धडे देण्यात त्यांची अनेक वर्षे गेली होती. परंतु भारतीय संघाची सूत्रे काही त्यांच्या हाती आली नाहीत. पुढे इराणचे बोलावणे आले. तेथील भाषा परकी, आहारही परका आणि बाई तर शाकाहारी! त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली आणि खेळाडूंकडून योगासने व प्राणायाम करवून घेतला. चढाई करणाऱ्याने दम न सोडता ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहावयाचे असते. तेव्हा प्राणायामाचा उपयोग निराळा सांगावयास नको.

आशियाई क्रीडास्पर्धांत महिला कबड्डीचे सुवर्णपदक 2010 व 2014 साली भारताने पटकाविले होते. 2014 च्या अंतिम सामन्यात हरला होता तो इराणच. 24 ऑगस्ट 2018 रोजी जकार्ता येथे हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. एकीकडे स्वदेश, दुसरीकडे शिष्या! बाईंच्या मनाची काय अवस्था झाली असेल? पत्करलेल्या कामाशी इमान राखणे हाच गुरूचा धर्म, असे मला वाटते. इराणने 27-24 असा विजय मिळविला.

ते सुवर्णपदक परत मिळविण्यास भारतीय मुलींना 2023 साल उजाडावे लागले. हांगचौ येथे चिनी तैपेईवर त्यांनी मात केली, तीही अवघ्या एका गुणाने, 26-25.