भात पसवण्याआधी माळ्यावरची काडतुसं पारखा

गणपती गेले की कोकणात हळवी भातं पसवायला लागतात. दाण्यात दूध भरलं की रानडुकरं रात्री खाचरात उतरतात आणि खातात त्याहून जास्त लोळवतात. मग ज्यांच्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे ते बंदूक बाहेर काढतात. बंदुकीबरोबर माळ्यावरचा पत्र्याचा डबाही खाली येतो. त्यात वडिलांच्या वेळची काडतुसं असतात, कुणी परवाना सोडताना "असू देत तुला" म्हणून दिलेली असतात, कधी कुणाकडून स्वस्तात घेतलेलीही असतात. नवी काडतुसं महाग आणि दुकान दूर, तेव्हा आधी जुनी संपवू, असं वाटणं साहजिक आहे. या डब्याला हात लावण्याआधी हा सल्ला पुरता वाचा.

जुन्या काडतुसाबद्दल एक समज गावोगाव ऐकू येतो: फार तर उडणार नाही, दुसरं घालू. पण खरा धोका न उडणाऱ्या काडतुसाचा नाही, अर्धवट उडणाऱ्याचा आहे. काडतुसाच्या बुडाशी टोपी असते, तिच्यापुढे दारू, मग बुचाचा किंवा प्लास्टिकचा दट्ट्या आणि शेवटी छर्रे. ओल शिरली किंवा वर्षानुवर्षं उष्णता लागली की टोपी पेटते, पण दारू पुरती जळत नाही. 'ठो' आवाजाऐवजी 'फस्स' होतं आणि दट्ट्या छर्ऱ्यांसकट नळीत अडकून बसतो. काळोख आहे, डुक्कर समोर आहे, माणूस घाईत आहे. तो दुसरं काडतूस भरून बार काढतो. वायूला पुढे वाट नसते, म्हणून नळी फुटते, आणि बंदूक पेलणारा हात नेमका त्या नळीखाली असतो. बार हलका वाटला, धक्का कमी बसला, तर त्या रात्री बंदूक तिथेच थांबवा. काडतूस काढून घ्या आणि नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी दिसल्याशिवाय पुन्हा भरू नका.

पारख करायला बसण्याआधी ही काडतुसं कायद्यानं तुमची आहेत का, ते पाहा. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली बंदुकीसारखाच काडतुसांनाही परवाना लागतो. कोणत्या बोअरची, एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. एका परवानाधारकानं दुसऱ्याला आपली काडतुसं देण्याची वाट कायद्यानं बंद केलेली नाही, पण त्यासाठी देणाऱ्यानं आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर 45 दिवस थांबायचं असतं. बाजाराच्या दिवशी पिशवीतून हातात पडणाऱ्या काडतुसांना यातलं काहीच नसतं. ती खरी असोत वा बनावट, घेऊच नका. वडील वारले आणि परवाना अजून तुमच्या नावावर झालेला नसेल, तर बंदूक आणि काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. तोपर्यंत ती घरात ठेवणं हाच गुन्हा होतो.

आता पारख. बंदूक बाजूला ठेवा, दिवसाच्या उजेडात पडवीत बसा आणि एकेक काडतूस हातात घ्या. आधी बूड बघा. कारखान्याच्या मालावर तिथे बनवणाऱ्याचा ठसा आणि बोअरचा आकडा स्वच्छ उमटलेला असतो. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडे अनेकांच्या ओळखीची आहेत. पण नाव ओळखीचं आहे एवढ्यावर विसंबू नका, कारण उडवून झालेली पुंगळी घरगुती दारूनं पुन्हा भरली तरी बुडावरचा ठसा मूळचाच राहतो. असं पुन्हा भरलेलं काडतूस ओळखायचं तर टोपी आणि तोंड बघावं. टोपीच्या कडेला हत्याराचे ओरखडे दिसतात, तिचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा असतो, ती बुडाच्या वर आलेली किंवा वाकडी बसलेली असते. तोंडाच्या घड्या मऊ आणि विसकटलेल्या असतात, कधी मधल्या भोकातून छर्रा डोकावतो, कधी तोंड मेणानं किंवा डिंकानं बंद केलेलं असतं. बुडाच्या कडेवर आधी एकदा बंदुकीतून निघाल्याच्या खुणा असतात. यातली एक जरी खूण दिसली तरी ते काडतूस बाजूला काढा. आत कोणती दारू किती भरली आहे, हे भरणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि पुष्कळदा त्यालाही नेमकं ठाऊक नसतं.

मग ओलीच्या खुणा. पितळेवर हिरवी पूड, टोपीभोवती काळपट वलय, कागदी कवच असेल तर फुगलेलं पोट. फुगलेलं काडतूस नळीच्या घरात सहज जात नाही. अंगठ्यानं रेटावं लागलं, तर ते चालणारं नाही, एवढं समजून घ्या. प्लास्टिकचं कवच तोंडाशी तडकलेलं असेल तरी तोच निकाल.

घरच्या चाचण्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. कानाशी हलवून बघणं, चुलीच्या उबेला किंवा उन्हात वाळवणं, तेलाचा हात फिरवणं, हे सगळं बंद करा. वाळवल्यानं बिघडलेली टोपी सुधारत नाही, आणि तेल टोपीच्या फटीतून आत उतरून उरलंसुरलं काडतूसही मारतं. डब्यातलं एक उडवून बघायचं आणि बाकीच्यांना पास करायचं, हेही चालत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण काडतुसात ओल प्रत्येकात निरनिराळी शिरलेली असते. डोळ्यांनी वाईट काडतूस वेगळं काढता येतं, उरलेलं चांगलं आहे याची हमी देता येत नाही. म्हणूनच खोका नाही, पावती नाही, कुणी कधी घेतलं माहीत नाही, अशी काडतुसं वरून कितीही चकचकीत असली तरी वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काडतूस अस्सल असलं तरी ते तुमच्या बंदुकीचं आहे का, हा प्रश्न उरतोच. बारा बोअरची घरं जुन्या बंदुकांत बहुधा 65 मिलिमीटरची, नव्यांत 70 ची. हा आकडा उडवल्यानंतर उलगडलेल्या पुंगळीचा असतो. न उडवलेलं काडतूस घडी घातल्यामुळे आखूड असतं, म्हणून 70 चं काडतूस 65 च्या घरात आरामात बसतं आणि माणूस फसतो. बार होताना घडीला उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या खालच्या अंगाला कोरलेला आकडा आणि खोक्यावरचा आकडा ताडून पाहा. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये पडलं तर ते घसरून पुढे नळीत अडकतं, घर रिकामं दिसतं आणि वरून दुसरं भरलं जातं. दोन बोअरची काडतुसं एका डब्यात कधीच ठेवू नयेत. नळीवर नागमोडी रेघांची नक्षी असलेली पणज्याच्या काळची बंदूक असेल, तर ती काळ्या दारूसाठी घडवलेली असते. आजची काडतुसं तिला घालू नका.

नळीही तपासा. पावसाळाभर खुंटीला लटकलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचं घर करते. बोटाएवढं ते घर बाहेरून दिसत नाही, पण छर्ऱ्यांपुढे दगडासारखं आडवं येतं. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून ती उघडा आणि मागच्या बाजूनं उजेडाकडे धरून नळीतून बघा.

चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर लगेच बंदूक उघडू नका. काही वेळा दारू उशिरा पेटते. नळी मोकळ्या जमिनीकडे धरून मनात साठपर्यंत मोजा, मगच काडतूस काढा. ते पुन्हा घालून बघायचं नाही.

नवी काडतुसं कुठे ठेवता, याकडेही लक्ष द्या. माळा कौलाखाली तापतो, चुलीजवळ धूर आणि ऊब असते, आणि गोठा किंवा युरियाच्या गोणींची खोली तर सर्वांत वाईट. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांतून ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी कवचांना आपोआप तडे जात. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया पितळ फोडतो, हे कारण 1921 च्या सुमारास उलगडलं. गाई-म्हशींच्या गोठ्यातही तोच वायू असतो. काडतुसं मूळ खोक्यातच, घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणारी पुडी घालून, थंड कोरड्या खोलीत कुलपात ठेवा आणि बंदूक वेगळ्या कुलपात. खोक्यावर खरेदीची तारीख लिहा.

शेतीसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्यापुरता असतो, हेही या हंगामात ध्यानात असू द्या. रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली येतं. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी आधी हातात हवी. ती नसेल तर नुकसानीचा पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज वेळेत द्या.

बाजूला काढलेली काडतुसं फोडू नका, जाळू नका, पुरू नका, विहिरीत किंवा खाडीत टाकू नका. पोरांच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवा. पोलीस ठाण्यात थेट पिशवी घेऊन जाण्याआधी फोन करून किती आहेत आणि कशी आहेत ते सांगा, त्यांनी सांगितल्याप्रमाणे परवान्यासह जमा करा आणि पोच घ्या. परवानाधारक विक्रेत्याकडे देणार असाल तर त्यालाही आधी विचारा. हे काम भात पोटरीत असतानाच उरका, म्हणजे नवी काडतुसं आणायला वेळ उरेल.