नूह (अलै.) यांचा जलप्रलय आणि कयामतची घटिका



गेल्या पावसाळ्यात जुमाच्या नमाजनंतर दहावीत शिकणाऱ्या एका मुलाने मोबाईलवर आलेला एक संदेश मला दाखवला. बायबलमधील जलप्रलयापासूनची वर्षे मोजून त्यात कयामतचे साल काढलेले होते. मुलाने विचारले, ‘‘मौलाना, एवढीच वर्षे उरली असतील तर अभ्यास कशासाठी करायचा?’’ त्या दिवशी मी त्याला दिलेले उत्तर अपुरे होते. तेच आज सविस्तर मांडत आहे.

दोन ग्रंथांतील प्रलय

दिव्य कुरआनात प्रेषित नूह (अलै.) यांचा वृत्तान्त अनेक ठिकाणी आला आहे. सूरह अन्कबूतनुसार ते आपल्या लोकांत पन्नास कमी एक हजार वर्षे राहिले. सूरह नूहमध्ये त्यांनी रात्रंदिवस, कधी जाहीरपणे तर कधी एकांतात केलेल्या आवाहनाचे वर्णन आहे. सूरह हूदमध्ये नौका बांधताना झालेली थट्टा, डोंगराचा आसरा शोधणाऱ्या पुत्राचे बुडणे आणि नौकेचे जूदीवर टेकणे हे प्रसंग आहेत.

आज उपलब्ध असलेल्या तौरातच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे ‘उत्पत्ती’मध्ये, नूह, त्यांची पत्नी, तीन पुत्र आणि तीन सुना अशी आठ माणसे वाचतात. कुरआन मात्र सांगतो की एक पुत्र बुडाला, आणि सूरह तहरीममध्ये त्यांच्या पत्नीची गणना अवज्ञा करणाऱ्यांत होते. असा फरक आढळतो तेव्हा आपण कुरआनला प्रमाण मानतो. जेथे कुरआन मौन आहे, तेथे ग्रंथधारकांच्या कथनाला खरेही म्हणू नये आणि खोटेही ठरवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

प्रलय आणि अंतिम दिन यांचा संबंध जोडणारा बायबलमधील प्रसिद्ध उतारा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायात आहे. तेथे ईसा (अलै.) यांच्या मुखी असा आशय येतो की, नूहच्या काळी लोक खात-पीत होते, लग्ने करीत होते आणि पाणी येईपर्यंत त्यांना काही उमगले नाही, तो दिवसही असाच येईल. खाणे-पिणे वा विवाह ही पापे नव्हेत. हा उतारा बोट ठेवतो ते गफलतीवर, म्हणजेच नित्याच्या व्यवहारात बुडून निर्मात्याला विसरण्यावर. आणि याच उताऱ्याच्या अगदी आधी म्हटले आहे की, ती घटिका देवदूतांनाही ठाऊक नाही.

येथे कुरआनची शिकवण अगदी स्पष्ट आहे. सूरह आराफ आणि सूरह लुकमाननुसार त्या घटिकेचे ज्ञान केवळ अल्लाहपाशी आहे. ह. जिब्रील (अलै.) यांनी विचारले तेव्हा प्रेषित (स.) यांनी उत्तर दिले की, ज्याला विचारले जात आहे तो विचारणाऱ्यापेक्षा अधिक जाणत नाही.

गणिताचा मोह

तरीही गणिते होतच राहिली. अमेरिकेतील रेडिओ-उपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी जलप्रलयाचे वर्ष इ.स.पूर्व 4990 असे ठरवले. ‘उत्पत्ती’मध्ये प्रलयापूर्वी सात दिवसांची मुदत आहे. पेत्रच्या दुसऱ्या पत्रात प्रभूचा एक दिवस हजार वर्षांसारखा म्हटला आहे. या दोहोंची सांगड घालून त्यांनी 7000 वर्षे मोजली आणि 21 मे 2011 ही तारीख जाहीर केली. अनेकांनी आपली कमाई त्या प्रचारात ओतली, नोकऱ्या सोडल्या. तो दिवस आला आणि गेला. मग 21 ऑक्टोबर ही तारीख दिली गेली, तीही सरली. 2012 मध्ये कॅम्पिंग यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली.

त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. हिजरी सन 1000 जवळ आले तेव्हा मुस्लिम समाजातही जगाच्या अंताची चर्चा रंगली होती. इ.स. 1591-92 मध्ये ते वर्षही निघून गेले. आज तीच हौस आपल्या घराघरांत मोबाईलवरून फिरते आहे.

फळ्या आणि खिळे

मग प्रलयाच्या वृत्तान्तातून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, प्रश्न बदलावा. एका माणसाने कयामत कधी येईल असे विचारले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यालाच विचारले की, तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस?

दुसरी गोष्ट, प्रत्येक पूर म्हणजे पूरग्रस्तांवरील प्रकोप, असे बोलू नये. नूह (अलै.) यांच्या लोकांविषयीचा निर्णय अल्लाहने स्वतः कळवला होता, आपल्याला कोणाविषयीही असे कळवण्यात आलेले नाही. उलट हदीसमध्ये बुडून मृत्यू पावलेल्या श्रद्धावंताची गणना शहीदांत केली आहे. ज्या घरातील माणूस पुरात गेला, त्या घरी आपण निवाडा घेऊन जाऊ नये. अन्न, अंथरूण आणि दुआ घेऊन जावे.

तिसरी गोष्ट त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रलय येणार हे नूह (अलै.) यांना सांगितले गेले होते. त्यांना तारीख दिल्याचा उल्लेख कुरआनात नाही. तन्नूरमधून, म्हणजे भट्टीतून, पाणी उसळेल ही खूण मात्र दिली होती. तोवर त्यांना दिलेला आदेश होता नौका बांधण्याचा. सूरह कमरमध्ये त्या नौकेचे वर्णन केवळ फळ्या आणि खिळे या दोन शब्दांत आले आहे. अंत निश्चित आहे हे कळल्यावर अल्लाहच्या प्रेषिताने हात जोडून बसणे पत्करले नाही. लोक हसत राहिले आणि ते फळीला फळी जोडत राहिले. प्रेषित (स.) यांनीही शिकवले की, कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हाती रोप असेल, तर शक्य असल्यास ते लावा.

तेव्हा बाळा, तुझा अभ्यास ही तुझी फळी आहे. आईची सेवा, वेळेवर केलेली नमाज, शेजाऱ्याचा राखलेला हक्क हे तुझे खिळे आहेत. साल मोजणारा संदेश पुढे पाठवू नकोस. तो तुझ्याजवळच थांबू दे. आणि पालकांनो, मुलाने असा प्रश्न विचारला तर त्याला दटावू नका. नूह (अलै.) यांनी आपल्या पुत्राला लाटा उसळत असतानाही हाक मारली होती. आपल्यापाशी अजून वेळ आहे; आपण आपल्या मुलांशी आजच बोलावे.

अल्लाह आपणा सर्वांना गफलतीपासून वाचवो आणि त्या दिवसाची तयारी करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.