मधुमेहाचे निदान आणि डोळ्यांची तपासणी

कर्जखात्यावर व्याजाची आकारणी खातेउतारा हाती पडण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. टाइप दोन मधुमेहाचेही तसेच आहे. निदानाची तारीख ही रोग लक्षात आल्याची तारीख होय; त्याचा आरंभ त्यापूर्वी अनेक वर्षे झालेला असू शकतो.

म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ पासून नवजात बालकांचे वजन व लांबी नोंदविली जात असे. त्या नोंदींच्या आधारे प्रौढ वयातील ५०६ स्त्री-पुरुषांची तपासणी करण्यात आली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, जन्मतः आखूड व गुटगुटीत असलेल्यांत हा मधुमेह अधिक आढळला. रोगाची मुळे किती मागे जाऊ शकतात, हे यावरून ध्यानात येते.

या मधल्या काळाची झळ डोळ्यांना लागते. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९१ या काळात नव्याने निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांचा दीर्घ अभ्यास हाती घेण्यात आला. त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांच्या दृष्टिपटलात निदानसमयीच बदल झालेले होते.

वाढलेल्या साखरेमुळे दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांना फुगवटे येतात व रक्त अथवा द्रव पाझरू लागतो. पुढे तेथे नाजूक नव्या वाहिन्या उगवतात. त्या फुटल्यास दृष्टी अकस्मात जाऊ शकते. मात्र दृष्टिपटलाचा मध्यभाग शाबूत असेपर्यंत अक्षरे स्पष्ट दिसतात, वेदनाही होत नाहीत. म्हणून 'मला नीट दिसते' हा निर्वाळा पुरेसा नाही.

काय करावे?

• निदान होताच नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली रुंदावून दृष्टिपटल तपासून घ्यावे. चष्म्याचा नंबर काढणे ही निराळी तपासणी आहे.
• थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते. सोबत कोणी न्यावे, वाहन चालवू नये.
• दोष नसला तरी पुढील तपासणी केव्हा, हे डॉक्टरांना विचारावे. सामान्यतः ती दरवर्षी करतात.
• साखरेबरोबर रक्तदाबही आटोक्यात ठेवावा. उपरोक्त ब्रिटिश अभ्यासात दोहोंच्या नियंत्रणाचा डोळ्यांना लाभ दिसून आला.

लेसर व डोळ्यातील इंजेक्शने यांनी उरलेली दृष्टी बहुधा राखता येते. गमावलेली पूर्णतः परत मिळेलच असे नाही. यास्तव मधुमेहाचा पहिला अहवाल हाती येताच नेत्रतपासणीची वेळ ठरवावी.