मोठ्या पटावरील बुद्धिबळ : अवघड कशामुळे?

आपल्या परिचयाच्या बुद्धिबळाचा पट ६४ घरांचा. पण याहून मोठ्या पटांवरचे खेळही जुने आहेत. स्पेनमधील राजा दहावा आल्फोन्सो याने १२८३ मध्ये पूर्ण करवून घेतलेल्या खेळांवरील ग्रंथात १४४ घरांच्या पटाचे वर्णन आढळते. असे खेळ अवघड का वाटतात, या प्रश्नाला ‘घरे वाढली म्हणून’ असे उत्तर सहज दिले जाते. ते अपुरे आहे. शिकण्यातील अडचण निराळी आणि खेळण्यातील निराळी.

शिकण्यातील अडचण ही मुख्यतः स्मरणाची. जपानमधील ‘चू शोगी’ हा खेळ पाहा. त्याच्याही पटाला १४४ घरे आहेत. प्रत्येक बाजूस ४६ मोहरी, आणि ती २१ प्रकारची! बहुतेक मोहरी प्रतिपक्षाच्या चार ओळींत शिरली की उलटवता येतात व त्यांची चाल बदलते. ‘सिंह’ तर एका खेळीत दोनदा हलू शकतो. शिवाय सर्व मोहऱ्यांचा आकार सारखाच. ओळखायचे ते वर लिहिलेल्या अक्षरांवरून. आपल्या बुद्धिबळात केवळ सहा प्रकार असल्यामुळे चाली लवकर पाठ होतात.

खेळण्यातील अडचण ही पारखेची. क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका याने १९२० च्या दशकात ८० घरांचा खेळ सुचविला. त्यात नवी मोहरी दोनच : हत्ती व घोडा या दोहोंच्या चाली असलेला ‘चान्सेलर’ आणि उंट व घोडा यांच्या चाली असलेला ‘आर्चबिशप’. शिकण्यासारखे फार थोडे. पण पटावर बसताच अंदाज चुकू लागतात. समजा, एकटा राजा कोपऱ्यात आहे आणि त्याच तिरप्या रेषेत मधले एक घर सोडून आर्चबिशप उभा आहे. उंटाच्या चालीने शह बसतो व मधले घरही अडते. उरलेली दोन घरे घोड्याच्या चालीने अडतात. मात! साध्या खेळातील वजिरालाही हे एकट्याने साधत नाही.

जुन्या मोहऱ्यांची किंमतही बदलते. रिकाम्या पटावर हत्तीचा मारा ६४ घरांच्या पटावर १४ घरांवर, तर १४४ घरांच्या पटावर २२ घरांवर असतो. घोड्याचा मात्र दोन्हीकडे जास्तीत जास्त आठच घरांवर. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात जाण्यास हत्तीला दोन्ही पटांवर दोनच चाली पुरतात. घोड्याला सहाच्या जागी आठ लागतात. म्हणजे घोडा तोच, पण दुबळा झालेला. साध्या खेळातील अनुभव येथे जसाच्या तसा लावल्यास तो वाट चुकवतो.

म्हणून अभ्यासकाने सर्व मोहरी एकदम मांडू नयेत. रिकाम्या पटावर एकेक मोहरा ठेवून तो किती घरे धरतो, कोठे थकतो, हे मोजावे. मग दोन राजे व एकच नवा मोहरा घेऊन मात करून पाहावी. चाली पाठ करणे ही ओळख झाली. मोहऱ्याची किंमत कळणे हा खरा अभ्यास होय.