हवेची वाट

रोबोट व्हॅक्यूम क्लीनर हे थाळीएवढे वाटोळे, खुजे यंत्र आता पुष्कळ घरांतून फिरताना दिसते. खाटेखाली शिरावे, भिंतीशी पोचताच वळावे, काम आटोपले की आपल्या जागी जाऊन वीज भरून घ्यावी, असा त्याचा नेम. परंतु काही महिने लोटले की एक चमत्कारिक गोष्ट घडते. यंत्र पूर्वीसारखेच फिरते, आवाजही चढाच असतो. पण ते जेथून गेले तेथेच पोह्यांचे कण व केसांचे पुंजके तसेच पडून राहतात. ‘मोटार गेली!’ असा निकाल वडीलधारी मंडळी देऊन टाकतात आणि बिचारे यंत्र अडगळीत जाऊन पडते. बहुधा हा निकाल चुकीचा असतो.

हा दोष समजण्यासाठी १९०१ सालच्या लंडन शहरात डोकावले पाहिजे. ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने तेथे धूळ काढण्याचे एक यंत्र पाहिले. ते जोराने हवा फुंकून धूळ उडवी. पण उडालेली धूळ पुन्हा खालीच बसे. फुंकण्याऐवजी ती ओढून घेतली तर? पुढे एका उपाहारगृहात बूथने आसनावर रुमाल पसरला, त्याला तोंड लावले आणि श्वास आत ओढला. पाहतो तो रुमालाला धूळ चिकटलेली, असे सांगतात. त्याने बनविलेले यंत्र घोड्यांनी ओढावे लागे. ते रस्त्यात उभे राही आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात.

आजच्या चिमुकल्या यंत्राचे मर्मही तेच आहे. आतील पंखा हवा बाहेर फेकतो, त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा धुळीसह आत धाव घेते. वाटेत गाळणी असते. तीच बूथच्या रुमालाची जागा घेते. तिने धूळ अडवावी व हवेस जाऊ द्यावे. परंतु धूळ अडविता अडविता तिची छिद्रे बुजतात आणि ती हवेलाही अडवू लागते. रांगोळीची पूड तर तिला फार लवकर बुजविते. शिवाय लहानशा बॅटरीवर चालणाऱ्या या यंत्राचे बळ मुळातच बेताचे.

म्हणून यंत्र बंद करून, उलथे करून, हवेची वाट तोंडापासून तपाशीत जावे. ब्रशाला गुंडाळलेले केस कात्रीने जपून कापावेत. तोंडाशी कागदाचा कपटा अडकला असल्यास काढावा. डबा रिकामा करून त्याची रबरी कड पुसावी, कारण ती नीट न बसल्यास हवा तेथूनच आत शिरते. गाळणी हलके झटकावी. ती धुण्याजोगी आहे की नाही, हे माहितीपत्रकात पाहावे. धुतल्यास पुरती वाळू द्यावी. ओल्या गाळणीवर धुळीचा चिखल होतो. येथेच उतावळी माणसे फसतात.

आता त्या चढ्या आवाजाविषयी. तो ऐकून यंत्र जोमाने काम करीत आहे असे वाटते. वस्तुतः वाट कोंडली की पंख्याला ढकलावयास हवाच थोडी उरते, त्याच्यावरील भार घटतो आणि पुष्कळदा तो अधिकच वेगाने फिरतो. वाट मोकळी होताच आवाज उतरतो.

एवढे करूनही ओढ दुबळीच राहिली, तर बॅटरी जुनी झाली असेल किंवा मोटार खरोखरच बिघडली असेल. मग जाणत्या कारागिराकडे जावे. परंतु त्यापूर्वी फरशीवर पोह्यांचे चार कण टाकून यंत्र त्यांवरून एकदा जाऊ द्यावे.