शेतात कुणी शिरलं तर

छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरात घर आणि पैठण, गंगापूर नाहीतर फुलंब्रीकडे शेत, अशी कुटुंबं पुष्कळ. मालक आठवड्यातून एकदा बांधावर जातो. मधल्या दिवसांत कुणी पायवाट पाडतं, कुणी शेळ्या सोडतं, कुणी मोसंबीखाली दारू पीत बसतं.

आधी गट नकाशा काढा आणि गावातल्या जुन्या माणसांना वहिवाट विचारा. पूर्वापार वाट असेल तर ती अडवू नका. अडवलीत, तर समोरचा मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावू शकतो. बांधाचीच शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.

मग माणसाशी बोला. काठी-कोयता हातात नको. राम राम घाला आणि विचारा, “इकडून कुठं निघालात मामा?” माणूस आपणहून कारण सांगतो. “कुणाला विचारून आलात?” म्हटलं की भांडण ठरलेलंच. नंतर अडचण सांगा आणि लगेच दुसरी वाट दाखवा: “कालच हरभरा पेरलाय, त्या कडेच्या बांधानं जा.” नुसत्या नकारानं वाट मोडत नाही.

मेंढपाळाला हाकलू नका. रब्बी निघून रान मोकळं असेल तर कळप बसवायला बोलवा, लेंडीखत मिळतं. कुठलं रान, किती रात्री, मोबदला काय, हे आधीच ठरवा. मोकाट जनावरांना मारू नका. नुकसान केलं असेल तर २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवा.

दारू प्यायलेल्यांपुढे एकट्यानं जाऊ नका. शेजारच्या शेतकऱ्याला सोबत घ्या, गाडीचा नंबर टिपा, गोष्ट हाताबाहेर जातेय असं दिसलं तर ११२ लावा.

तोच माणूस पुन्हा पुन्हा येत असेल तर तारखेसह फोटो ठेवा, पोलीस पाटलांना सांगा, आणि शेत ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार अशा घुसखोरीला शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र अपराधाचा, धमकावण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. नुसतं शेतातून चालत गेलेल्या माणसावर हे कलम टिकत नाही.

आणि काही झालं तरी कुंपणात थेट वीज सोडू नका. रानडुकरांसाठी सोडलेल्या अशा तारांनी माणसं मेली आहेत.